भाड्यातच हप्ता निघेल का?

तुझा मेसेज वाचला. पुण्यातल्या वाकडचा टू बीएचके, रिसेल, ७५ लाख, भाडं २५ हजार येतंय, म्हणजे ईएमआय भाड्यातच निघेल ना, असं विचारलंयस. नाही निघणार. आधी हे डोक्यात पक्कं बसू दे, मग बाकीचं बोलू.

बँक ८० टक्के देईल म्हणजे ६० लाख. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर हप्ता येतो साधारण ५२ हजार, आणि पहिल्या महिन्यात त्यातले साडेबेचाळीस हजार नुसतं व्याज असतं. भाडं २५, म्हणजे २७ हजार दर महिन्याला तुझ्या पगारातून जाणार, वर सोसायटीचा मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, आणि भाडेकरू बदलताना पेंटिंग. २५ हजारात बसेल असा हप्ता हवा असेल तर लोन २९ लाखांच्या आतच पाहिजे. आणि घरचे १५ लाख भरले की झालं असं समजू नकोस, स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे सव्वापाच लाख आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार, हे बँक देत नाही, ते तुझ्याच खिशातून. (फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर ड्युटी एक टक्का कमी लागते, घरात विचार करून बघा.) डाऊन पेमेंटसाठी पर्सनल लोन तर अजिबात काढू नकोस.

माझं सांगतो. २०२० च्या मार्चपर्यंत माझा फ्लॅट एक दिवस रिकामा नव्हता, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतली मुलं रांगेत असायची. मग लॉकडाऊन लागला, सगळी लॅपटॉप घेऊन गावी गेली, आणि माझा फ्लॅट पाच महिने कुलूपबंद. बँकेने हप्ते थांबवायची सवलत दिली, मी आनंदाने तीन हप्ते थांबवले, पण व्याज काही थांबलं नव्हतं, ते मुद्दलात जाऊन बसलं आणि लोनची मुदत लांबली. ते स्टेटमेंट बघून त्या रात्री झोप लागली नव्हती मला. तेव्हापासून सहा हप्त्यांएवढी एफडी मी कधीच मोडत नाही. तुझ्याकडे ती नसेल तर अजून वर्षभर थांब, वाकड कुठे पळून जात नाही.

टॅक्सचं थोडक्यात. भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि व्याजही वजा होतं. पण व्याज जास्त होऊन तोटा आला तर जुन्या टॅक्स रिजीममध्ये वर्षाला २ लाखांपर्यंतच तो पगारातून वजा होतो, नव्यात तेही नाही. त्यामुळे टॅक्स वाचतो म्हणून घर घेऊ नकोस.

अंडर कन्स्ट्रक्शनचा मोह होईल, स्वस्त वाटतं. पण त्यावर जीएसटी लागतो आणि ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, व्याज मात्र चालू. सुरुवात करणाऱ्याने ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, मिळालेलाच फ्लॅट घ्यावा, ह्यावर मी ठाम आहे.

आणि भाडेकरू कितीही ओळखीचा असू दे, अगदी मित्राचा भाऊ असला तरी, लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर करायचंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमात ही जबाबदारी घरमालकावर टाकलीय, करार रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरतात. हल्ली आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होतं, शहरात रजिस्ट्रेशन फी १००० रुपये. सोबत पोलिसात भाडेकरूची माहिती दे. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावेल, तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतो, त्याहून जास्त मागितला तर लेखी विचार.

लोन फ्लोटिंगच, म्हणजे बदलत्या व्याजदराचंच घे, त्यावर पार्ट पेमेंटला दंड नसतो. बोनस आला की मुद्दलात टाकत जा, पहिल्या पाच वर्षांत टाकलेल्या पैशाने सगळ्यात जास्त व्याज वाचतं.

त्या वाकडच्या मालकाकडून ओसीची कॉपी, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेवटचं बिल मागव, आलं की मला फोटो पाठव. वकिलाकडून मालकीचा ३० वर्षांचा सर्च काढून घेऊ. तोवर टोकन देऊ नकोस, एजंटने कितीही घाई केली तरी.