सर्व्हेत 'रहिवाशांचा विरोध' असं येतं तेव्हा नक्की कोण काय म्हणालेलं असतं?

तुम्ही विचारलंय की मोठ्या शहराला लागून असलेल्या, बहुतेक बैठ्या घरांच्या एका छोट्या शहरात पुढच्या वीस वर्षांत घरं किती आणि कशी व्हावीत यावर पालिकेने सर्व्हे घेतला, रिपोर्टमध्ये 'बहुसंख्य रहिवाशांचा नव्या इमारतींना विरोध' असं आलं, तर हेच तिथल्या लोकांचं खरं मत समजायचं का?

माझं उत्तर असं की मत खरं असतं, 'बहुसंख्य' बद्दल शंका घ्या, आणि 'विरोध' हा शब्द तर लिहिणाऱ्याच्या सोयीचा असतो. हे कशावरून म्हणते, तर असले सर्व्हे वाचायचं काम मी बरीच वर्षं केलंय. टिकमार्कवाले प्रश्न कॉम्प्युटर मोजतो पण शेवटी जी मोकळी जागा असते, 'आपल्या इतर सूचना', ती कोणालातरी माणसालाच वाचावी लागते आणि एकेका उत्तरावर लेबल लावावं लागतं, ते लेबल लावणारी मी. त्यामुळे नगररचनेतली पदवी नसली तरी पार्किंग या विषयावर माणूस किती प्रकारे चिडू शकतो याचं ज्ञान माझ्याकडे भरपूर आहे.

पहिली गोष्ट, बोलतं कोण. यावर अमेरिकेत एक फार चांगलं काम झालंय. बोस्टन विद्यापीठातल्या कॅथरीन लेविन आइन्स्टाइन, डेव्हिड ग्लिक आणि मॅक्सवेल पामर यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ९७ शहरांच्या आणि गावांच्या नियोजन बैठकांची इतिवृत्तं गोळा केली, नवीन घरांच्या प्रस्तावावर कोण उठून काय बोललं ते काढलं आणि ती नावं मतदारयादीशी ताडून बघितली. निघालं काय, तर बोलणारे वयाने मोठे, पुरुष जास्त, वर्षानुवर्षं तिथेच राहणारे, आणि घरमालकांचं प्रमाण मतदारांमध्ये आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त. बाजूने बोलणारे साधारण १५ टक्के आणि विरोधात बोलणारे ६० च्या वर. आता गंमत बघा, त्याच राज्यात १९६९ पासून एक कायदा आहे, ज्या गावात परवडणारी घरं १० टक्क्यांपेक्षा कमी तिथे अशी घरं बांधणाऱ्या बिल्डरला गावाच्या झोनिंगला, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं या नियमांना, वळसा घालता येतो. हा कायदा रद्द करायचा का यावर २०१० मध्ये राज्यभर मतदान झालं, तर ५८ टक्के लोकांनी राहू द्या म्हणून सांगितलं! म्हणजे मतपेटीत एक आणि सभागृहात दुसरंच. लोक खोटं बोलतात असं नाही, सभागृहात येणारे लोकच वेगळे असतात. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तीन तास खुर्चीत बसून आपला नंबर यायची वाट बघायची, हे ज्याच्या घरात लहान मूल आहे किंवा ज्याची रात्रपाळी आहे त्याला कसं जमणार?

मग २०२० मध्ये कोविडमुळे बैठका ऑनलाइन झाल्या तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं की आता तरुण येतील, भाडेकरू येतील, घरबसल्या बोलतील. त्याच तिघांनी परत मोजलं तर मंडळी जवळपास तीच. खोटं कशाला बोलू, हे वाचून मी नाराज झाले होते, कारण मीच ऑफिसात ऑनलाइनचा आग्रह धरून बसले होते.

तर तुमच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी हे शोधा की उत्तरं देणाऱ्यांत भाडेकरू किती, पस्तिशीच्या आतले किती, आणि गावात खरे किती आहेत. हा तक्ता बहुतेकवेळा शेवटच्या पानांत असतो, नसेल तर पालिकेकडे मागा. फॉर्म नुसताच वेबसाइटवर टाकला होता, की यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखी घरं निवडून त्यांना पाठवला होता, हेही विचारा. नुसता वेबसाइटवर असेल तर ज्याला राग आलाय तो भरतो आणि ज्याचं बरं चाललंय त्याला तो फॉर्म असल्याचा पत्ताही नसतो.

पण सगळं खापर म्हाताऱ्या घरमालकांवर फोडून मोकळं व्हायचं तर तेही तितकं सोपं नाही. मायकल हँकिन्सन नावाच्या अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोत मत देऊन बाहेर पडणाऱ्या लोकांना प्रश्न विचारले होते. शहरात एकूण घरं वाढावीत का म्हटलं तर भाडेकरू जोरात हो म्हणाले. मग तुमच्याच भागात नवं बांधकाम बंद ठेवायचं का म्हटलं तर तेच भाडेकरू त्यालाही हो म्हणाले. आणि हे वेडेपणाचं अजिबात नाही. आपल्या गल्लीत चकचकीत इमारत आली की आपला मालक भाडं वाढवणार ही भीती त्यांना अगदी जवळची असते, आणि शहरभर घरं वाढली की भाडी थंडावतात हा फायदा लांबचा, दहा ठिकाणी वाटला गेलेला. इथेच घोडं पेंड खातं. माझ्याकडे आलेल्या फॉर्ममध्येही हे सारखं दिसायचं, प्रश्न ४ मध्ये 'गावात तरुण कुटुंबांना परवडणारी घरं हवीत' ला पूर्ण सहमती आणि प्रश्न ११ मध्ये 'आपल्या भागात तीन मजल्यांपर्यंत परवानगी' ला ठाम नाही, दोन्ही एकाच माणसाचं, एकाच पेनने. रिपोर्ट लिहिणाऱ्याला यातलं जे हवं ते उचलता येतं. म्हणून ठळक अक्षरातलं वाक्य वाचायच्या आधी त्याच्या मागचा प्रश्न शब्दन्‌शब्द वाचा, तो गावाबद्दल होता की शेजाराबद्दल ते बघा.

आता विरोध कशाला असतो ते सांगते. पहिला नंबर पार्किंग आणि ट्रॅफिक, यात वादच नाही. मग शाळा भरतील, मग पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनवर ताण येईल, आणि मग ते सुप्रसिद्ध 'गावाचं रूप बिघडेल'. या शेवटच्याला मी आधी हसायचे पण आता नाही हसत, कारण त्यात दोन अगदी वेगळी माणसं असतात. एकाला खरंच झाडं, उजेड, रस्त्यावर खेळणारी पोरं याबद्दल म्हणायचं असतं. दुसऱ्याला म्हणायचं असतं की फ्लॅटमध्ये राहणारे 'तसले' लोक नकोत, आणि हे काही नवीन नाही. झोनिंगला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये मान्यता दिली तो खटला क्लीव्हलँडच्या युक्लिड नावाच्या उपनगराचाच होता, आणि बैठ्या घरांच्या वस्तीत येणारी अपार्टमेंटची इमारत म्हणजे निव्वळ बांडगूळ, अशा अर्थाचा शब्द खुद्द त्या निकालात आहे. शंभर वर्षं झाली, फॉर्ममधली भाषा सभ्य झाली एवढंच.

आणि एक कारण असतं जे कोणी लिहीतच नाही, पैसा. विल्यम फिशेल या अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं मला फार पटतं, की साध्या माणसाची जन्मभराची कमाई एकाच घरात अडकलेली असते, घर जळलं तर विमा मिळतो पण शेजारी काहीतरी आल्यामुळे किंमत पडली तर त्याचा विमा कुठेच मिळत नाही, मग तो माणूस सभेला जाऊन ओरडतो, तोच त्याचा विमा. हे एकदा डोक्यात बसलं की समोरच्याला नुसतं स्वार्थी म्हणून मोकळं होता येत नाही.

बरं, घरं वाढली तर किमती उतरतात यावर लोकांचा विश्वास तरी आहे का? क्लेटन नॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकाभर विचारलं तर घरांचा पुरवठा भरपूर वाढला तर दर खाली येतील असं मानणारे निम्म्यापेक्षाही कमी निघाले. महागाईला जबाबदार कोण म्हटलं की लोक बिल्डरकडे आणि घरं भाड्याने देणाऱ्या मालकांकडे बोट दाखवतात. उलट प्रत्यक्ष मोजलेलं बघायचं तर ॲस्क्विथ, मॅस्ट आणि रीड यांनी अमेरिकी शहरांतल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत आलेल्या मोठ्या नव्या इमारती तपासल्या, त्यात आजूबाजूची भाडी इमारत आली नसती तर जितकी झाली असती त्यापेक्षा ५ ते ७ टक्के कमी निघाली. पण हे आकडे सभेत सांगून बघा, कोणी ऐकत नाही, आणि मी त्यांना दोषही देत नाही. समोर क्रेन उभी राहिली आणि त्याच वर्षी भाडं वाढलं, एवढं त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. 'नाहीतर अजून वाढलं असतं' हे कोणाला दिसतं का कधी?

म्हणून मग काही ठिकाणी सरकार म्हणतं की हे गावावर सोडायचंच नाही. जपानमध्ये झोनचे प्रकार देशाच्या कायद्यातच ठरलेत, एकूण १३, नगरपालिकेने कुठे कोणता झोन ते ठरवायचं, पण नियमात बसणारी इमारत शेजाऱ्यांना आवडली नाही म्हणून सहसा अडत नाही. कॅलिफोर्नियात बहुतेक शहरांना आठ वर्षांचा घरांचा कोटा मिळतो आणि २०२१ च्या कायद्याने एका घराच्या प्लॉटवर चार घरांपर्यंत मुभा दिली. त्यावर वुडसाइड नावाच्या श्रीमंत गावाने २०२२ मध्ये काय करावं, तर अख्खं गावच डोंगरी सिंहाचा, म्हणजे प्यूमाचा, अधिवास आहे, त्यामुळे हा कायदा इथे लागू नाही, असं जाहीर केलं! राज्याच्या ॲटर्नी जनरलने डोळे वटारल्यावर काही दिवसांत माघार घेतली. सिंहाचं मत अर्थातच कोणी घेतलं नाही.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथे जास्त घरांना परवानगी द्यायच्या प्रस्तावावर कौन्सिलची बैठक होती, प्रेक्षकांत बहुतेक पिकल्या केसांची मंडळी, आणि तरुणांच्या सल्लागार मंडळाचे प्रतिनिधी बोलायला उभे राहिले तर त्यांची हुर्यो उडवली गेली. कौन्सिलने नमतं घेऊन प्रस्ताव मागे घेतला. पण एक स्वतंत्र पॅनल सुनावण्या घेत होतं, त्याने जुलैत तशाच शिफारशी केल्या, कौन्सिलने ऑगस्टमध्ये त्यातल्या बहुतेक स्वीकारल्या आणि निवासी जमिनीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश भागावर जास्त घरांना मोकळीक मिळाली. पुढच्या काही वर्षांत बांधकाम परवाने धडाधड वाढले, आणि वाढले ते मुख्यतः एकमेकांना चिकटलेल्या छोट्या घरांचे. म्हणजे ज्यांची हुर्यो झाली त्यांना परवडतील असली घरं.

तरी वरून लादलेलं मला पूर्ण पटत नाही. मला ह्यूस्टनची पद्धत जास्त माणसाळलेली वाटते, तिथे १९९८ मध्ये शहराच्या आतल्या भागात एका घरासाठी लागणारा किमान प्लॉट ५,००० वरून १,४०० चौरस फुटांवर आणला पण एखाद्या गल्लीतल्या पुरेशा मालकांनी सह्या दिल्या तर तेवढी गल्ली बाहेर राहू शकते. ज्याला नको त्याने आपल्यापुरतं नको म्हणावं, अख्ख्या शहराच्या नावाने नको. सह्या गोळा करायच्या म्हणजे दारोदार हिंडणं आलं, त्यामुळे खरा विरोध कुठे आहे आणि नुसती कुरकूर कुठे आहे ते आपोआप कळतं.

राहता राहिली एक गोष्ट जी सर्व्हेत कधीच नीट येत नाही, ती म्हणजे जुन्या रहिवाशांचीच गरज. मुलं बाहेर गेलेली, चार खोल्यांचं घर, जिना चढवत नाही, पण ओळखीचा डॉक्टर, ओळखीची माणसं सोडून जायचं नाही. त्यांना त्याच भागात छोटं घर हवं असतं, आणि तिथे छोटी घरं बांधायला परवानगीच नसते, मग आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मोठं घर अडून राहतं, तरुण कुटुंब बाहेर राहतं.

असा एक फॉर्म माझ्या अजून लक्षात आहे. अक्षर थरथरतं, बहुधा आजीबाई असाव्यात. इमारतींच्या प्रश्नावर 'नको' ला टिक होती आणि खाली मोकळ्या जागेत लिहिलं होतं की मला हे घर आता झेपत नाही, विकायचंय, पण याच रस्त्यावर दोन खोल्यांचं काही मिळेल का ते कळवा. खाली फोन नंबरही दिला होता. आमच्याकडे कळवायची काही सोय नव्हती. मला लेबलं तीनच होती, समर्थन, विरोध आणि इतर, आणि टिक 'नको' ला होती म्हणून मी ते 'विरोध' मध्ये टाकलं.