मुलगी रवांडाला जायचं म्हणतेय, काय करू?

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यात नोकरी मिळण्यासारखी असताना ती म्हणते, देशाच्या विकासासाठी तंत्रज्ञानाचं नियोजन कसं करतात ते शिकायला आफ्रिकेतल्या रवांडात, राजधानी किगालीला जाते. आम्ही घाबरलोय. – एक वडील, वाशीम

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमची काळजी समजते, पण मुलीने देश विचार करून निवडलाय. १९९४च्या वंशसंहारात उद्ध्वस्त झालेल्या रवांडाने २००० साली 'व्हिजन २०२०' हा वीस वर्षांचा विकास आराखडा आखला आणि त्याच्या जोडीला पाच-पाच वर्षांचे तंत्रज्ञान आराखडे केले. देशाला समुद्रकिनारा नाही, म्हणजे समुद्राखालून येणारी इंटरनेटची केबल थेट पोचत नाही, तरी डोंगराडोंगरांतून फायबर केबल टाकली.

२०१६ मध्ये तिथल्या मुहांगा या ठिकाणाहून दवाखान्यांना ड्रोनने रक्त जायला लागलं. दवाखान्यातून मागणी आली की पिशवी खोक्यात भरतात, ड्रोन सुटतं, आवारावर येऊन खोकं छोट्या पॅराशूटने सोडतं आणि न उतरताच परत फिरतं. ड्रोन अमेरिकन कंपनीचं आहे. पण रक्ताचा साठा कुठे करायचा, उड्डाणाला परवानगी कोणी द्यायची, पैसे कोणी मोजायचे, हे आधी ठरवावं लागलं. तुमच्या मुलीला शिकायचंय ते हेच, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

तिथली अडचणही तिने बघावी. सरकारी दाखले २०१५ पासून 'इरेम्बो' या पोर्टलवर मिळतात; ज्यांना स्वतः जमत नाही ते एजंटकडे जातात. आपल्या सेवा केंद्रासमोरची रांग आठवा. आराखडा कुठे तोकडा पडतो, ते तिथे उभं राहिल्यावर दिसतं.

आता प्रवेशाचं. किगालीत अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची शाखा आहे, पण तिथल्या मास्टर्स पदव्या इंजिनिअरिंगच्या आणि आयटीच्या आहेत. धोरण, अर्थशास्त्र तिला स्वतः वाचावं लागेल. तिथली मास्टरकार्ड फाउंडेशनची शिष्यवृत्ती आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी आहे, म्हणून फीचा हिशेब आधी मांडा.

माझं मत विचाराल तर तिने 'गेट' ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा द्यावी. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं 'सितारा' केंद्र आहे. तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. होतं आणि विद्यार्थ्यांना खेड्यात राहून काम करावं लागतं. ते करून किगालीला गेली तर तिला काय विचारायचं ते ठाऊक असेल.

तोवर या सुट्टीत तिला वाशीमच्या सेवा केंद्रात आठ दिवस बसू द्या. कुठला अर्ज कशामुळे परत जातो, ते तिने वहीत लिहून काढावं. ती वही मला जरूर पाठवा.