दोन मुलं, एक इस्टेट गाडी आणि टप उघडणारी दुसरी गाडी : एमएक्स-५ घ्यावी की मिनी?

तुमचा प्रश्न मी वाचला तो असा : रेडिंगला राहता, मुलं ९ आणि ५ वर्षांची. घरात एक ऑक्टाविया इस्टेट, म्हणजे लांब डिकीची मोठी गाडी आहे, ती पत्नी हॉस्पिटलच्या ड्यूटीला नेतात. तुम्हाला आठवड्यातून दोन दिवस स्लाउला ऑफिस, बाकीचे दिवस घरून काम. दहा-अकरा हजार पौंडांत दुसरी गाडी घ्यायची आहे आणि ती टप उघडणारीच हवी. २०१६-१७ सालची दोन सीटची माझदा एमएक्स-५, दीड लिटर इंजिनाची, की त्याच सुमाराची चार सीटची मिनी कूपर कन्व्हर्टिबल?

मिनी घ्या.

माझा स्वतःचा जीव एमएक्स-५वर आहे आणि तरीही हे सांगते आहे. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या माहितीत माझ्या लेखी एकच गोष्ट निर्णायक आहे : पत्नींना शिफ्ट ड्यूटी आहे. म्हणजे इस्टेट कधी दारात असेल आणि कधी नसेल, हे तुमच्या हातात नाही. ती नसेल त्या दिवशी घरात जी उभी असेल, तीच तुमची पहिली गाडी.

हे मला कसं कळलं ते सांगते. आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. २०११ मध्ये आम्ही २००४ सालची एमएक्स-५ घेतली. मी साताऱ्याची. कॉलेजात असताना स्कूटरवरून कासच्या रस्त्याला जायचे, तेव्हा वारा अंगावर घेत वळणं घ्यायची सवय लागली, ती इथे आल्यावर तुटली होती. त्या गाडीने ती मला परत दिली. पाच-सहा मैलांवर दुकानात जायचं असलं तरी मी लांबच्या गल्ल्यांनी जात असे.

मग २०१४ चा फेब्रुवारी आला. नवरा मोठी गाडी घेऊन कामाला बर्मिंगहॅमला गेलेला. सकाळी अकराला शाळेतून फोन आला : बॉयलर बंद पडलाय, वर्ग गार आहेत, मुलांना घेऊन जा. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. दोन सीटच्या गाडीत एका वेळी एकच मूल बसणार. एकाला घरी सोडून दुसऱ्याला आणायला जायचं, तर पाच वर्षांच्या मुलाला एकटं कुठे ठेवणार? घरीही नाही आणि शाळेच्या फाटकातही नाही. टॅक्सीवाल्याने तासाभराचा वेळ सांगितला, सगळ्यांच्याच शाळा सुटल्या होत्या. शेवटी गाडी शाळेजवळच्या रस्त्यावर तशीच ठेवली आणि दोघांना दोन्ही हातांना धरून दीड मैल चालत घरी आले. वरून बर्फाळ पाऊस. मुलगा अर्ध्या वाटेवर रडायला लागला, त्याला कडेवर घेतलं. गाडीची किल्ली खिशात होती आणि तिचा काही उपयोग नव्हता. त्याच वसंतात आम्ही ती विकली आणि मिनी घेतली. विकली त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं, पण निर्णय चुकला असं आजवर कधी वाटलं नाही.

तुम्ही लिहिलंय की शाळा मैलभरच आहे, बहुतेक दिवस मुलं चालत जातात. बरोबर. पण आजारी मुलाला चालवत आणता येत नाही. शिवाय पोहण्याचा क्लास, वाढदिवसाच्या पार्ट्या, दाताचा डॉक्टर हे सगळं मैलभराच्या आत नसतं.

कायद्याचंही पाहा. इथे मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचं होईपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, त्याला योग्य चाइल्ड सीट लागते. तुमच्या दोन्ही मुलांना आज ती लागत असणार. मिनीच्या मागच्या दोन्ही जागांना आयसोफिक्स, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या कड्या आहेत, पण पुढची सीट सरकवून वाकून ती बसवायची म्हणजे कसरत आहे. एकदा बसवली की काढू नका. मोठ्या गाडीसाठी वेगळ्या सीट ठेवा, नाहीतर पंधरा दिवसांत वैतागाल.

आता मिनीच्या मागच्या जागेबद्दल खरं सांगते, कारण दुकानदार सांगणार नाही. ती चार माणसांची गाडी नाही. दोन मोठी आणि दोन लहान, एवढीच. टपाची घडी मावावी म्हणून मागची पाठ जवळजवळ उभी असते. तुम्ही सहा फुटी असाल तर तुमच्या सीटमागे पाय ठेवायला जागाच उरत नाही, म्हणून धाकट्याला तुमच्या मागे बसवा आणि थोरल्याला दुसऱ्या बाजूला, पुढची रिकामी सीट पुढे सरकवून. आमचा मुलगा मागे बसायचा तो तेराव्या वर्षापर्यंत. मग गुडघे छातीशी येऊ लागले आणि त्याने स्वतःच सांगितलं की आता नको. म्हणजे तुमच्या थोरल्यासाठी चार वर्षं, फार तर पाच.

टप उघडल्यावर मागे वारा जोरात लागतो. वारा अडवायची जाळी मिळते, पण ती मागच्या जागेवरच बसते, तेव्हा मुलं असताना तिचा उपयोग शून्य. आम्ही मुलं बरोबर असली की चारी काचा वर ठेवायचो, गल्लीबोळाच्या रस्त्यांनी ताशी चाळीस मैलांच्या आत जायचो आणि मागे एक जाड पांघरूण कायम ठेवायचो. मोटरवेवर टप बंद. त्या मर्यादेत मुलांना ते इतकं आवडायचं की थोरली अजूनही त्या पांघरुणाची आठवण काढते.

मिनीचा टप विजेवर चालतो, पूर्ण उघडायला १८ सेकंद, आणि गाडी ताशी ३० किलोमीटरपर्यंत, म्हणजे अंदाजे १८ मैलांपर्यंत, चालू असतानाही उघडता येतो. त्याहून मला उपयोगी वाटली ती दुसरी सोय : टप पूर्ण न उघडता पुढचा सुमारे ४० सेंटिमीटर भाग तेवढा मागे सरकतो. इंग्लंडच्या हवेत वर्षातले अर्धे उघडे दिवस आम्ही तेवढ्याच खिडकीवर काढले. पाऊस कधी येईल ते सांगता येत नाही, आणि एवढंसं आकाश मुलांना पुरतं. एक अडचण मात्र आहे. घडी केलेला टप मागे ढीग होऊन बसतो आणि मागचं दिसणं बरंच कमी होतं. पार्किंगचे सेन्सर असलेलीच बघा.

डिकी टप बंद असताना २१५ लिटर, उघडल्यावर १६०. झाकण जुन्या मिनीसारखं खाली उघडतं आणि तोंड अरुंद आहे, पण बंद टपाचा मागचा काठ थोडा वर उचलून ते मोठं करता येतं. शिवाय मागच्या पाठी आडव्या होतात. वेंब्लीच्या ईलिंग रोडवरून दहा किलोची कणीक, तांदूळ, भाज्या आणि एक खोका आंबे असं आम्ही मे महिन्यात आणायचो, मुलं बरोबर नसताना. एमएक्स-५ची डिकी १३० लिटर. टपाची जागा वेगळी असल्यामुळे उघडा असो वा बंद, तेवढीच राहते, ही चांगली गोष्ट. पण ग्लव्हबॉक्ससुद्धा नाही, दोन सीटच्या मध्ये एक छोटा कप्पा आहे तेवढाच.

चालवण्याचं म्हणाल तर तुलनाच नाही. एमएक्स-५चं वजन एक टनाच्या आसपास, इंजिन पुढे पण पुढच्या आसाच्या मागे बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना. माझदाचे लोक याला ‘जिन्बा इत्ताई’ म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. तिसऱ्या गिअरमध्ये एखादं लांब वळण घेतलं की तो शब्द पटतो. गिअरची दांडी मनगटाने हलते, आणि टप तर बसल्या जागेवरून एका हाताने, सिग्नल लाल आहे तेवढ्यात मागे टाकता येतो. मिनीही वळणाला चपळ आहे, तीन सिलिंडरचं १३६ अश्वशक्तीचं इंजिन खालून छान ओढतं, पण ती अडीचशे-तीनशे किलोंनी जड आहे, पुढच्या चाकांची आहे, आणि ते जाणवतं.

यात मला एक गोष्ट फार भावते. तुमच्या रेडिंगहून फार लांब नाही त्या ॲबिंग्डनला एमजी या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्यांचा कारखाना होता. १९८० मध्ये तो बंद झाला आणि स्वस्त, छोट्या, दोन माणसांच्या इंग्लिश गाड्यांचा काळ जवळजवळ संपला. मग १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात माझदाने एमएक्स-५ आणली, त्याच जुन्या इंग्लिश गाड्यांच्या प्रेमातून, फक्त रोज सकाळी चालू होणारी. तेव्हापासून आजवर चार पिढ्या झाल्या, उत्पादन थांबलेलं नाही. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. आणि जिला सगळे इंग्लिश म्हणतात ती तुम्ही पाहताय ती मिनी कन्व्हर्टिबल नेदरलँड्समधल्या बॉर्न गावात बनलेली आहे.

हे सांगण्यामागे कारण आहे. एमएक्स-५ कुठे पळून जात नाही. दहा वर्षांनी तुमची मुलं मोठी होतील तेव्हाही वापरलेली एमएक्स-५ बाजारात मिळेल. मुलं मात्र मागच्या सीटवर मावतील अशी फक्त हीच चार-पाच वर्षं आहेत.

पत्नींच्या ड्यूटीची वेळ ठरलेली असती, इस्टेट रोज चारला दारात असती, तर मी उलट उत्तर दिलं असतं. एकाच मुलाला शेजारी बसवून कुठेतरी नेणं, त्याच्याशी एकट्याशी बोलणं, ही दोन सीटच्या गाडीतली खरी श्रीमंती आहे आणि ती मी तीन वर्षं अनुभवली आहे.

आता खरेदीचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शोधा. ऊन पडायला लागलं की या गाड्यांना गिऱ्हाईक वाढतं आणि घासाघीस संपते. पाऊस पडत असताना किंवा नुकताच पडून गेल्यावर बघायला जा. आम्ही दुसरी गाडी शोधत असताना एका दुकानदाराने आम्हाला दाखवलेली गाडी आतून अत्तरासारखी घमघमत होती. मी सीटमागच्या गालिच्यावर हात दाबला तर बोटं ओली झाली. टपावरून येणारं पाणी ज्या भोकांतून खाली जायचं, त्यांत पानांचा चोथा बसला होता आणि कोणी कधी साफ केला नव्हता. कुठल्याही टपाच्या गाडीत हे पहिलं बघायचं : सीटमागे, पायाखाली, डिकीच्या कोपऱ्यांत हात घालून. जुन्या एमएक्स-५मध्ये हेच पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात (सिलमध्ये) साचून आतून गंज धरतो, म्हणून पुढेमागे ती घ्याल तेव्हा मागच्या चाकापुढचा भाग खालून टॉर्चने बघा.

गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की जुन्या सगळ्या एमओटी, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासण्या फुकट दिसतात : कधी नापास झाली, किती मैल, कुठे गंजाची सूचना. तोच नंबर विम्यालाही आधी टाका, दोघांची नावं घालून. ३१ मार्च २०१७ पर्यंत नोंदलेल्या गाडीचा रस्ता कर धुराच्या प्रमाणावर असतो आणि १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाडीचा बव्हंशी सरसकट, त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत बराच फरक निघू शकतो. लंडनच्या यूलेझची, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या आकाराची काळजी तुम्हाला नाही, या वयाच्या पेट्रोल गाडीला तो दिवसाचा साडेबारा पौंड आकार लागत नाही.

टायर बघा. मिनीला बऱ्याचदा रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर असतात, चारही एकाच जातीचे आहेत ना ते तपासा, कारण जादा चाक मिळत नाही. टप चार-पाच वेळा उघडून मिटवा आणि मोटरचा आवाज ऐका. कापडावर हिरवं शेवाळ असेल तर मालकाने ती झाडाखाली ठेवली होती आणि मऊ ब्रश कधी मारला नव्हता.

आणि मुलांना घेऊन जा, चाइल्ड सीटसकट. तुम्ही नेहमी बसता तशी तुमची सीट लावा, धाकट्याला मागे बसवा, दार लावा आणि वीस मिनिटं चालवून या, त्यातली दहा मोटरवेवर. परत आल्यावर आधी मुलांना विचारा.