इंग्लंडमध्ये जुन्या लाकडी बार्नमधलं घर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की एसेक्समध्ये एका जुन्या बार्नची, म्हणजे शेतावरच्या मळणीच्या कोठाराची, तीन घरं केली आहेत आणि त्यातलं मधलं घ्यायचं मनात आहे. मी अशाच एका घरात राहतो. जरूर घ्या, पण आधी कागद आणि खांबांचे पाय तपासा.

वाड्याचे खण मोजतात तसेच बार्नचेही मोजतात. मधल्या खणाला समोरासमोर दोन उंच दारं असायची. भरलेली गाडी आत यायची, हिवाळाभर तिथेच मळणी, आणि दोन्ही दारं उघडली की वाऱ्यावर उफणणी. यंत्रं आली आणि हे सगळं थांबलं. आज त्या दारांच्या जागी बहुधा काच असते. हाच खण तुमच्या वाट्याला येतोय! पण तिथे माळा टाकून खोल्या काढल्या असतील तर मी ते घर घेणार नाही.

आमच्या जिन्याजवळ खांबावर आणि त्याच्या तिरप्या टेकूवर सुतारानं सारखाच रोमन आकडा कोरलाय. सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, खुणा करायच्या, सुटा करून मग उभा करायचा, अशी पद्धत होती. ओक ओलाच वापरत, कारण वाळल्यावर तो हत्याराला दाद देत नाही. जागेवर वाळताना त्याला लांब भेगा पडतात, त्यांना घाबरू नका.

भीती खालच्या लाकडाची. खांब ज्या आडव्या तुळईवर उभे असतात ती विटांच्या बुटक्या भिंतीवर टेकलेली असते आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. बाहेरची माती तिच्यापर्यंत चढली आहे का? सिमेंटचा गिलावा केलाय का? चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती लाकडात कोंडतं.

इमारत लिस्टेड, म्हणजे जतन करायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत असेल तर विनापरवानगी बदल हा गुन्हा आहे आणि कारवाईला मुदत नाही. आधीच्या मालकानं बसवलेली खिडकी काढायची नोटीस तुमच्या नावावर येऊ शकते. म्हणून मंजूर नकाशे हातात घेऊन घर फिरा, छपरातली प्रत्येक काच त्यांच्याशी ताडून बघा. छपरात वटवाघळं राहत असतील तर त्यांच्या जागेलाही कायद्याचं संरक्षण आहे, ती जागा सध्या रिकामी असली तरीही.

जमलं तर आधी लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळचा हार्मंड्सवर्थचा बार्न बघून या. १४२६ सालचा, १२ खणांचा, आणि आत एकही भिंत घातलेली नाही. मूळची उंची किती असते हे तिथे कळतं, मग तुमच्या घरात त्यातली किती उरलीय ते ठरवता येईल.