लॅपटॉप एक्स्चेंजला द्यायचा की पैसे परत मागायचे?

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या घरून छोट्या दुकानदारांची टॅलीची, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशेब लिहायची कामं करतात. दहा महिन्यांपूर्वी त्यांनी महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून ५९,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. ५,००० रोख भरले, बाकीच्याचे ४,५०० रुपयांचे बारा हप्ते. काम चालू असताना स्क्रीन अचानक काळी होते. सर्व्हिस सेंटरने तीनदा ठेवून घेतला, दोनदा मदरबोर्ड बदलला, तरी दुखणं तेच. आता दुकानदार म्हणतो, एक्स्चेंजला द्या, १६,००० धरतो, ६४,००० चा नवीन घेऊन जा. नाहीतर ८,००० भरून दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्या. ताई विचारतात, एफडी मोडून नवीन घ्यावा का? की पैसे परत मागत बसावं? आणि उरलेले दोन हप्ते थांबवले तर?

ताई, एफडीला हात लावू नका आणि लॅपटॉपही हातचा सोडू नका. एक्स्चेंजमध्ये ४३,००० वर पाणी सोडावं लागतं, ते तर दिसतंच आहे. न दिसणारा तोटा मोठा आहे. तक्रार पुढे गेली आणि दोष नुसता पाहून ठरवता आला नाही, तर ग्राहक आयोग ती वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. वस्तूच दुकानदाराकडे गेली तर तपासणार काय? थोडक्यात, त्या १६,००० मध्ये तुम्ही लॅपटॉपबरोबर तुमचा दावाही विकताय. वाढीव वॉरंटीचं म्हणाल, तर त्याच सर्व्हिस सेंटरच्या आणखी दोन वर्षं खेपा घालायचे ८,००० कशाला भरायचे?

तुमची खरी शिल्लक म्हणजे ती तीन जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीला देताना सर्व्हिस सेंटरने दिलेले कागद. तिन्ही काढून 'ग्राहकाची तक्रार' हा रकाना वाचा. तुम्ही सांगता 'चालू असताना स्क्रीन काळी होते' आणि काउंटरवरचा मुलगा लिहितो 'स्लो चालतो'. मग कागदावर तीन वेगळ्या तक्रारी दिसतात आणि कंपनी म्हणायला मोकळी, की हा एकच दोष नव्हताच. पुढच्या वेळी तुमचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. 'बाहेरून डॅमेज' या चौकटीत खूण तर नाही ना, तेही बघा. स्क्रीन काळी होताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, खालचा सिरियल नंबर त्यात दिसू द्या. आणि वॉरंटीचे दोन महिने बाकी आहेत तोवर बाहेरच्या कारागिराला मशीन उघडू देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

आता मागणी. कंपनीला ईमेल करा, दुकानाला प्रत पाठवा. तारखांसह तिन्ही दुरुस्त्या लिहा आणि पंधरा दिवसांत नवीन लॅपटॉप किंवा पूर्ण किंमत मागा. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ कंपन्या या टप्प्यावर फोन करतात. तरीही हलले नाहीत तर स्पीड पोस्टाने नोटीस आणि मग नाशिकचा जिल्हा आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

हेही सांगून ठेवतो, की कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत, पण प्रत्यक्षात तारखा लांबतात. शिवाय उत्पादनातलाच दोष दिसला नाही, तर 'दुरुस्त करून द्या' एवढ्यावरही निकाल थांबू शकतो. दोनदा तोच बोर्ड बदलला, ही तुमच्या बाजूची भक्कम गोष्ट आहे. आणखी एक जमेची बाजू म्हणजे बिल तुमच्या नावावर, जीएसटी नंबरशिवाय आहे. दुकानदाराने 'एखाद्या फर्मच्या नावाने करू का, १८ टक्के सुटतील' असं विचारलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. बिलातले जीएसटीचे ते ९,००० वाचवले असते तर आज समोरचा वकील पहिलं वाक्य 'हा व्यापारी वापर आहे, या ग्राहकच नाहीत' हेच म्हणाला असता. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने ग्राहकाचीच धरली जाते.

मधल्या काळात काम कसं चालवायचं? भाड्याने लॅपटॉप घ्या. महिन्याला दोन-अडीच हजार पडले तरी ४८,००० बाहेर काढण्यापेक्षा स्वस्त. पावती पक्की घ्या, ती नुकसानभरपाईच्या मागणीला जोडता येते.

हप्ते मात्र अजिबात थांबवू नका. पैसे फायनान्स कंपनीने दिलेत, लॅपटॉपच्या भांडणाशी तिचा संबंध नाही. तुम्ही पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघताय आणि कर्जाला सहअर्जदार होणार आहात. दोन हप्त्यांचे ९,००० अडवून सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, बिघडलं आणि ३५ लाखांच्या कर्जाला समजा पाव टक्का व्याज जास्त लागलं, तर वीस वर्षांत सव्वा लाखाच्या वर जातील. राग दुकानदारावर, भुर्दंड स्वतःला!

तडजोडीचा फोन येईल तेव्हा आकडा तयार ठेवा. ते 'वापराचे पैसे' कापून ४०,००० म्हणतील. तिथे हो म्हणू नका. ५०,००० किंवा जास्त लेखी देत असतील आणि महिन्याभरात खात्यात येणार असतील, तर मी तुमच्या जागी असतो तर घेतले असते. वर्षभर पाठपुरावा करून नऊ हजार मिळवण्यात तुमच्या कामाच्या किती संध्याकाळी जातील, त्याचा हिशेब तुम्हीच चांगला मांडाल. बदली मशीन देत असतील तर सीलबंद आहे का, रिफर्बिश्ड (जुनं दुरुस्त करून दिलेलं) तर नाही आणि वॉरंटी नव्याने सुरू होते की जुनीच उरलेली, ही तीन उत्तरं ईमेलवर घ्या. त्या मॉडेलवरून मन उडालं असेल तर सीलबंद पेटी विकून दुसरा घेता येतो, दर बऱ्यापैकी मिळतो.

मशीन परत देण्याआधी सगळ्या दुकानदारांचा टॅलीचा डेटा बाहेर काढून घ्या आणि त्यातला पुसून टाका. आणि परत दिल्याची सहीशिक्क्याची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.