वाचक विचारतात : झाडावरचा पट्टा दिसेना झाला तर?

पावनखिंडीचा सीझन संपला की ट्रेकची पत्रं बंद होतात आणि मग कंबर, गुडघा, टाच यांची सुरू होतात, दरवर्षीचं आहे हे. यावेळी मात्र एक वेगळंच पत्र आलंय, त्यामुळं निम्मी जागा त्यालाच देतोय, बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहतो, वय 61, मिसेस 56. पन्हाळा ते पावनखिंड आम्ही दोघांनी मिळून नऊ वेळा केलाय. सप्टेंबरअखेर मुलाकडं पेनसिल्व्हेनियाला चाललोय, दोन महिने. तो म्हणतोय तिथं सरकारी जंगलातनं 85 मैलांची वाट आहे, झाडांवर रंग मारलेला असतो, गाईड लागत नाही. नाव काय आम्हाला उच्चारता येईना. जमेल का आम्हाला? वाटेत गावं नाहीत म्हणे, मग जेवायचं कुठं आणि चुकलो तर विचारायचं कुणाला? मिसेस अस्वलाला भितात, मी नाही.

उत्तर : काका, शेवटचं वाक्य तेवढं पटलं नाही, पण असू दे.

नाव सस्क्वेहॅनॉक. तीनदा हळू म्हणा, येतंय. राज्याच्या उत्तरेला पॉटर आणि क्लिंटन काउंटीत ही वाट आहे, 85 मैल म्हणजे आपले साधारण 137 किलोमीटर, आणि गोल आहे, म्हणजे जिथनं सुरू केली तिथंच परत येते. पावनखिंडीचे पन्नासएक किलोमीटर तुम्ही दोन दिवसात मारता, त्या हिशोबानं पाच दिवसात होईल असं डोक्यात येईल, तर ते काढून टाका. आपण पावनखिंडीला पाठीवर रेनकोट, पाणी आणि चिवडा घेऊन जातो, रात्री कुठल्यातरी वाडीत शाळेत नाहीतर कुणाच्यातरी पडवीत झोपतो, गरम पिठलं-भाकरी मिळते. सस्क्वेहॅनॉकला तंबू, स्लीपिंग बॅग, गॅस, सगळ्या दिवसांचं खाणं, सगळं स्वतःच्या पाठीवर. पंधरा किलो पाठीवर घेऊन चढ चढणं हा वेगळाच ट्रेक आहे.

पण वाट बघण्यासारखी आहे, का ते सांगतो. पेनसिल्व्हेनियातलं हे जंगल शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जवळजवळ साफ तोडलं होतं. लाकूड न्यायला डोंगरात आगगाडीचे रूळ टाकले, झाडं संपली तसे रूळ उचलले आणि कंपन्या निघून गेल्या. मागं राहिलेल्या उजाड जमिनी राज्यानं विकत घेतल्या, आणि तिथं आज स्टेट फॉरेस्ट आहे, राज्यभरात मिळून 22 लाख एकर. 1930 च्या दशकात बेकार तरुणांना सरकारनं कामाला लावलं, त्यांनी झाडं लावली आणि वणवा विझवायला जाता यावं म्हणून पायवाटा काढल्या. 1960 च्या दशकात असल्या जुन्या वाटा आणि रुळांच्या जागा जोडून ही गोल वाट तयार झाली. त्यामुळं चालताना मधेच एकदम सपाट, हळूहळू चढत जाणारा रस्ता लागतो, तो बहुतेक जुना रूळमार्ग असतो. गुडघ्याला बरा.

आता रंगाचं. झाडाच्या बुंध्यावर डोळ्याच्या उंचीला नारंगी उभा पट्टा असतो, साधारण दोन इंच रुंद आणि सहा इंच लांब. एक पट्टा म्हणजे चला सरळ. एकावर एक दोन पट्टे म्हणजे इथं वळण आहे, थांबा, बघा. रंग बदलला म्हणजे वाट बदलली, तुम्ही दुसऱ्याच कुठल्यातरी वाटेला लागलाय. बास, एवढीच भाषा आहे.

ही भाषा सोपी आहे म्हणूनच माणूस चुकतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरनं सांगतोय. काही वर्षांपूर्वी पावनखिंडीच्या वाटेवर मसाई पठारावरनं पुढं उतरल्यावर धुकं असं की पुढच्या माणसाची सॅक दिसेना, आणि दगडावर पांढरा बाण दिसला. दिसला की आम्ही निघालो, डोकं बंद. दुसरा बाण, तिसरा बाण, मग अर्धा तास काहीच नाही तरी आम्ही चाललोय, कारण मागं फिरायचं म्हणजे चढायचं आणि चढायला कुणालाच नको होतं. शेवटी पोचलो ते एका गोठ्यात. म्हशीला आंबोण घालत असलेल्या आजी वर न बघताच म्हणाल्या, तुमची पोरं कालच जेवून गेली की. कुठल्यातरी ग्रुपनं आपल्या मुक्कामाला यायला ते बाण काढले होते, खिंडीचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. आजींनी चहा दिला, नातू वाटेला लावून गेला. तुमच्या प्रश्नातलं "विचारायचं कुणाला" ते हे. आपल्याकडं चुकलं की कुणीतरी भेटतंयच. सस्क्वेहॅनॉकच्या वाटेवर हॅमर्स्ले म्हणून जो रानटी पट्टा आहे तिथं मैलच्या मैल रस्ता आडवा येत नाही, तिथं आजी नाहीत आणि मोबाईलला रेंजही धरू नका.

म्हणून नियम एकच पाळा. पाच-सात मिनिटं चालून पट्टा दिसला नाही तर थांबायचं, आणि शेवटचा पट्टा जिथं दिसला होता तिथंपर्यंत मागं जायचं. पुढं जाऊन शोधायचं नाही, आडवं घुसून तर अजिबात नाही. मागं वळून पण बघत चला, उलट येणाऱ्यांसाठी पट्टे पलीकडच्या बाजूला असतातच, पुढचा दिसेना तर कधीकधी मागचाच दिसतो आणि जीव भांड्यात पडतो. तुम्ही जाताय ऑक्टोबरात, तेव्हा मॅपल पिवळा-नारंगी झालेला असतो, जमिनीवर पानांचा घोटाभर थर, खालची पायवाट दिसत नाही आणि नारंगी पट्टा नारंगी पानांत लपतो. दोघांपैकी एकानं फक्त पट्टे बघायचे, फोटो दुसऱ्यानं काढायचे. कागदी नकाशा आणि होकायंत्र पण ठेवा.

अस्वलाचं काकूंना सांगा, तिथलं काळं अस्वल असतं, माणसाचा आवाज आला की बहुतेक वेळा आपण होऊन निघून जातं. त्याला तुमच्यात नाही, तुमच्या चिवड्यात इंटरेस्ट. खाणं, पेस्ट, साबण काहीही तंबूत ठेवायचं नाही, पिशवीत भरून तंबूपासनं लांब, उंच फांदीला बुंध्यापासनं दूर टांगायचं. कांदा-लसूण चटणी तर डबल पिशवीत, तिचा वास मुंबईपर्यंत जातो.

खरी काळजी अस्वलाची नाही, गोचिडाची करा. आपल्याकडं जळू लागते, मीठ टाकलं की सुटते, विषय संपला. तिथली हरणावरची गोचीड म्हशीवरच्यासारखी टपोरी नसते, पिल्लू तर खसखशीएवढं, आणि ती लाइम नावाचा आजार देते, जो पेनसिल्व्हेनियात भरपूर आहे. फिकट फुल पँट, मोज्यात खोचलेली, कपड्यांवर परमेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे, आणि रोज संध्याकाळी एकमेकांना तपासायचं: काखा, गुडघ्याची मागची बाजू, कमरेचा पट्टा, केसांच्या मुळाशी. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, जाळायची नाही. पुढच्या महिनाभरात गोल लाल चट्टा किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी फिल्टर करून नाहीतर उकळून प्या. शिकारीचा हंगाम असतो म्हणून अंगात भडक नारंगी जाकीट घाला, नोव्हेंबरच्या शेवटाला रायफलवाले जंगलात उतरतात, त्या दिवसात जाऊच नका. रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो.

तर जमेल का? पूर्ण वाट नको, यावेळी तरी. वाट ओल बुल स्टेट पार्कातनं जाते (ओल बुल हा नॉर्वेचा व्हायोलिनवादक, 1852 साली तिथं गाव वसवायला गेला होता, फसलं). तिथं रीतसर कॅम्पिंग आहे, तंबू टाकून दिवसा रिकाम्या पाठीनं सात-आठ मैल जा आणि परत या. दोन-तीन दिवस असं करून बघा, मग एक मुक्काम जंगलात करा, स्टेट फॉरेस्टात चालत जाऊन एका जागी एकच रात्र राहणार असाल तर परमिट लागत नाही. कुठून कुठं चाललाय आणि किती वाजेपर्यंत बाहेर येणार हे मुलाला लिहून द्या, आणि जिथं बाहेर पडणार तिथं त्याला गाडी घेऊन बोलवा.

प्रश्न : मग पावनखिंडीच्या वाटेवर असेच पक्के पट्टे का मारत नाहीत? (गडहिंग्लज, कॉलेजची विद्यार्थिनी)

उत्तर : ताई, रंग मारणं सोपं, राखणं अवघड. तिकडं स्वयंसेवक वर्षानुवर्षं येऊन पडलेली झाडं कापतात, पुसट पट्टे परत रंगवतात. आपली वाट अर्धी लोकांच्या शेतातनं, बांधावरनं, धनगरवाड्यातनं जाते, एका पावसात ओढा जागा बदलतो, रोपणी झाली की पायवाट बांधावर सरकते. त्यात प्रत्येक ग्रुपचा वेगळा बाण, वेगळा रंग, वर ग्रुपचं नाव पण. त्या वाटेवरनं 1660 च्या जुलैमध्ये महाराज गेलेत, तिथल्या दगडावर आपल्या ग्रुपची जाहिरात बघितली की माझं डोकं फिरतं. वाटाड्या घ्या, वाडीतल्या कुणालातरी दोन पैसे मिळतात. आणि राधानगरी-दाजीपूरकडं असलं काही मनात आणू नका, ते अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत जायचं नाही आणि गव्याला पट्टा-बिट्टा कळत नाही.

प्रश्न : ट्रेकला नवीन शूज घालून गेलं तर चालतं का?

उत्तर : नाही. आधी महिनाभर रंकाळ्याला चकरा मारा, एकदा मुद्दाम भिजवून पण.