बास्केटबॉल खेळण्यासाठी दम आणि फिटनेस कसा वाढवावा?

रोज ५ किलोमीटर धावूनही कोर्टवर दहा मिनिटांत धाप लागते, असं तुम्ही लिहिलंय. त्यात नवल नाही. संथ धावण्याने पाया तयार होतो, पण हा खेळ एका लयीत धावण्याचा नाहीच. २८ मीटर लांबीच्या कोर्टवर जोरात पळा, अचानक थांबा, वळा, उडी मारा, परत पळा, असं सतत चालू असतं. म्हणून सरावही तसाच हवा. आठवड्यातून दोन दिवस कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वेगाने जाऊन परत या, मग अर्धा मिनिट श्वास घ्या. सुरुवातीला अशा ६ फेऱ्या पुरे, पुढे हळूहळू वाढवा.

बचावासाठी गुडघे वाकवून बाजूला सरकण्याचा सराव मात्र रोज करा. मांड्या पेटतात, पण सामन्यात सगळ्यात आधी थकतात त्याही मांड्याच.

उडी किती उंच जाते याकडे सगळे बघतात. मी म्हणेन, आधी उतरायला शिका. दोन्ही पायांवर, गुडघे किंचित वाकवून, आवाज न करता. गुडघे आत झुकत असतील तर उड्या कमी करा आणि स्क्वॉट (बैठका), लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) वाढवा. घोट्यांसाठी एका पायावर तोल सांभाळणं आणि टाचा उचलणं, एवढं तरी चुकवू नका.

फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या बिनअडथळ्याच्या फेकीचा सराव दमल्यावरच करा, सामन्यात ते तसेच मारावे लागतात. आणि गुडघा आधीच दुखत असेल तर हे सगळं सुरू करण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टला नक्की दाखवा.